पोटोबा आणि पागडी

दरवर्षी कुणीतरी जगातल्या खाण्यापिण्याच्या सर्वोत्तम शहरांची यादी काढतं आणि दरवर्षी तिच्यावरून वादाला तोंड फुटतं. यादीत टोकियो असतं, पॅरिस असतं, बँकॉक, सिंगापूर, हाँगकाँग असतं, स्पेनमधलं सान सेबास्तियान हे चिमुकलं शहर असतं. कधीमधी मुंबईही असते. पण अशा नंबरावर, की अभिमान वाटून घ्यावा की अपमान, हे लवकर ठरत नाही. पुण्याचं नाव सहसा नसतं. पुणेकरांना त्याचं दुःख नसतं, कारण यादी करणाऱ्याला काही कळत नाही हे त्यांना यादी वाचण्याआधीच ठाऊक असतं. या भांडणात पडायची माझी इच्छा नाही. माझी तक्रार वेगळी आहे. अमुक शहर थोर का, याची जी कारणं या याद्या देतात ती कुठल्याही गावाला लावता येतात: समृद्ध परंपरा, ताजा माल, प्रतिभावान बल्लवाचार्य. परंपरा कुठे समृद्ध नसते? ताजी भाजी साताऱ्यातही मिळते आणि टोकियोपेक्षा खूप स्वस्त मिळते. प्रतिभावान बल्लवाचार्यही साताऱ्यात गल्लोगल्ली आहेत. फक्त त्यांना कुणी बल्लवाचार्य म्हणत नाही, आई म्हणतात. मग सातारा यादीत का नाही? माझं उत्तर असं, की साताऱ्यात घरोघरी स्वयंपाकघर आहे. बाहेरच्या खाण्यात मोठी झालेली शहरं तपासून पाहा. प्रत्येकाच्या इतिहासात कुठेतरी अशी हजारो-लाखो माणसं सापडतील, ज्यांच्याकडे चूल मांडायला जागा, वेळ, परवानगी किंवा रांधणारं माणूस यांपैकी काहीतरी नव्हतं. या याद्या हॉटेलांच्या दिसतात, पण मुळात त्या घरटंचाईच्या आहेत, आणि त्या काढण्याचा खरा हक्क भाडेकरू संघाचा आहे.

सध्या तो हक्क ज्यांनी बजावला आहे ते टायर विकतात. आंद्रे आणि एदुआर मिशलँ या फ्रेंच भावांनी १९०० साली आपली पहिली मार्गदर्शिका काढली तेव्हा उभ्या फ्रान्समध्ये तीन हजारसुद्धा मोटारी नव्हत्या. पुस्तिका मात्र पस्तीस हजार छापल्या आणि फुकट वाटल्या. हेतू सरळ होता. लोकांनी हिंडावं, हिंडून टायर झिजवावेत आणि झिजले की नवे घ्यावेत. १९२६ पासून तारे द्यायला सुरुवात झाली, पुढे एकाचे तीन झाले, आणि त्यांचे अर्थही ठरले: एक तारा म्हणजे आपल्या वर्गात उत्तम, दोन म्हणजे वाट वाकडी करून जावं असं, तीन म्हणजे केवळ त्यासाठी मुद्दाम प्रवास करावा असं. नीट पाहिलं तर हे माप चवीपेक्षा किलोमीटरचं आहे. घराखालच्या ज्या खाणावळीत माणूस पायजम्यावर उतरतो, तिला या मापात मुळात शून्याच्या वर जाणं अवघड. तिथे झिजली तर चप्पल झिजणार. तरी एका गोष्टीचं श्रेय द्यायला हवं. २००७ च्या अखेरीस या मंडळींनी टोकियोची पहिली मार्गदर्शिका काढली आणि दीडशे उपाहारगृहांना मिळून १९१ तारे देऊन टाकले, पॅरिसपेक्षा कितीतरी जास्त. फ्रेंच माणसाने खाण्याच्या बाबतीत पॅरिसला दुसरा नंबर द्यावा, ही साधी गोष्ट नाही. जपानात टायरही बरेच खपतात, असं कुणी कुजकटपणे म्हणेल. मी म्हणत नाही. टोकियो पहिलं का, याचं कारण मला टायरांपेक्षा बरंच जुनं वाटतं. पण त्याआधी रोमकडे एकदा पाहून घेऊ, म्हणजे सिद्धान्ताला प्राचीन आधारही मिळेल. आपल्याकडे प्राचीन आधार असला की निम्मे आक्षेप आपोआप गळतात.

रोममधली सामान्य माणसं चार-पाच मजली भाड्याच्या इमारतींत राहत. म्हणजे चाळीतच, फक्त तिथे गणेशोत्सव नव्हता. वरच्या मजल्यांवर ना पाणी, ना धुराडं. खोलीत शेगडी पेटवली तर जेवणाआधी इमारत शिजायची. म्हणून लोक खाली उतरून खात. अशी दुकानं पॉम्पेई शहरात जशीच्या तशी सापडली, कारण इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसने त्यांच्यावर राख पांघरली. बांधीव ओटा, ओट्यात गोल भोकं, भोकांत बसवलेले मातीचे रांजण, आणि रांजणांत त्या दिवशीचं कालवण. २०२० च्या डिसेंबरात जगासमोर आलेल्या एका दुकानाच्या रांजणांत बदक, शेळी, डुक्कर, मासे आणि गोगलगायी यांचे अवशेष मिळाले. ओट्याच्या दर्शनी बाजूला उलटी टांगलेली बदकं रंगवलेली आहेत. हे झालं मेनूकार्ड. शेजारी साखळीला बांधलेला कुत्रा रंगवला आहे, आणि त्याच्या चौकटीवर कुणीतरी, बहुधा मालकाच्याच नावाने, न छापण्याजोगी शिवी कोरून ठेवली आहे. गिऱ्हाइकाने जाता जाता अभिप्राय लिहिण्याची पद्धत तेव्हापासून आहे, आणि अभिप्रायांची भाषा दोन हजार वर्षांत फारशी सुधारलेली नाही. बादशहांना ही दुकानं खुपत, कारण चार माणसं खायला जमली की सरकारबद्दल बोलतात. नीरोने तर अशा ठिकाणी शिजवलेलं अन्न विकायला बंदीच घातली. रोमन चरित्रकार सुएटोनियस लिहितो त्याप्रमाणे सूट होती ती फक्त कडधान्यांना आणि भाज्यांना. म्हणजे नीरोच्या राज्यात मिसळ कायदेशीर ठरली असती. तो रोम जळताना फिडल वाजवत होता म्हणणाऱ्यांनी ही बाजूही ध्यानात घ्यावी.

पण माझी खरी भिस्त एदोवर आहे. एदो म्हणजे जुनं टोकियो. अठराव्या शतकात त्याची वस्ती दहा लाखांच्या घरात होती आणि तिच्यात एकट्या पुरुषांचा भरणा अफाट होता. शोगुनचा नियमच असा, की प्रत्येक सरदाराने आलटून पालटून राजधानीत येऊन राहायचं. सरदार आला की त्याच्यामागे शेकडो शिपाई, कारकून आणि नोकर येत, बायकापोरं गावी ठेवून. शिवाय सुतार, गवंडी, हमाल आणि दुकानांतली उमेदवार पोरं खेड्यापाड्यांतून येत ती वेगळीच. १७२१ च्या गणतीत रयतेमध्ये पुरुषांची संख्या बायकांच्या दीडपटीहून बरीच जास्त भरली. ही सगळी प्रजा लांबट चाळींत राहायची आणि तिथल्या खोलीचं नेहमीचं माप होतं अंदाजे नऊ फूट बाय बारा फूट. लालबाग-परळच्या वाचकाला ही मापं वेगळी समजावून सांगायला नकोत. चूल होती, पण ती दाराशीच कोपऱ्यात, आणि घर लाकडाचं, दारं कागदाची, जमीन चटयांची. १६५७ च्या आगीत शहराचा मोठा भाग जळून गेला होता. त्यानंतर घरात उकळत्या तेलाची कढई चढवणाऱ्याकडे शेजारी कोणत्या नजरेने बघत असतील याची कल्पना करावी. मग टेम्पुरा रस्त्यावर, गाड्यावर तळला जाऊ लागला. काडीला टोचलेला तुकडा सॉसमध्ये बुडवायचा आणि उभ्याउभ्या संपवायचा. शेवयांसारखा सोबा खांद्यावर कावड घेऊन रात्री हिंडणारे विक्रेते विकत. सुशीचंही तेच. पूर्वीची सुशी मासा आणि भात दाबून, आंबवून, वाट बघत खायची वस्तू होती. ज्याला अर्ध्या घटकेत कामावर परतायचंय त्याला ती काय कामाची? एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत हाताने भाताचा गोळा वळून त्यावर मासा ठेवून लगेच हातात देण्याची पद्धत रुळली. तिचं श्रेय हानाया योहेई या विक्रेत्याला दिलं जातं. तेव्हाचा घास आताच्या दुप्पट-तिप्पट मोठा असे, कारण खाणारा भुकेला असे. आज तीच सुशी आठ खुर्च्यांच्या लाकडी फळीसमोर, महिनामहिना आधी जागा राखून, देवघरातल्या शांततेत खाल्ली जाते आणि तिचे पैसे मोजताना खाणारा पुन्हा एकदा उभा राहतो. आणि हो, यादीचा रोगही एदोला होता. सुमो पैलवानांची जशी पूर्व-पश्चिम अशी उतरती क्रमवारी छापत, तशीच तिथे उपाहारगृहांचीही छापत असत. तेव्हा टायर नव्हते, म्हणून दोष एकट्या मिशलँला देता येत नाही.

कुणी म्हणेल, आजच्या टोकियोत घरोघरी गॅस आहे, मग आता काय कारण? एक कारण कायद्यात आहे. जपानात निव्वळ राहत्या वस्तीतही घराला जोडून छोटं दुकान काढायला मुभा असते. त्यामुळे खाण्याची जागा माणसाच्या घराखाली येते. दुसरं कारण सवयीत आहे, आणि सवय घरापेक्षा टिकाऊ असते. साध्या रामेनच्या दुकानात बघा: दाराशी यंत्र, त्यात नाणी टाकून तिकीट घ्यायचं, फळीवर ठेवायचं, बसायचं, समोर वाडगा येतो, मान खाली घालून फुरके मारायचे, मागे उभ्या माणसाची सावली पाठीवर पडली की उठायचं. आठ-दहा माणसं शेजारी शेजारी बसलेली असतात आणि प्रत्येकजण एकटा असतो. एकटं जेवणाऱ्याची कुणी कीव करत नाही. आपल्याकडे एकटा माणूस हॉटेलात शिरला की वेटर आधी त्याच्या मागे बघतो, बाकीचे येतायत का म्हणून, आणि मग त्याला खांबाआडच्या टेबलावर नेऊन बसवतो. ज्या शहराने एकट्या माणसाला तीनशे वर्षं पोसलं, ते त्याला खांबाआड बसवत नाही.

आता एक निरीक्षण सांगतो, ज्याचा मला गरजेपेक्षा जास्त अभिमान आहे. जिथे माग, तिथे रस्सा. फ्रान्समधलं लिऑन हे खाण्याचं शहर म्हणून पॅरिसला दटावतं, आणि ते रेशीम विणणाऱ्यांचं शहर होतं. तिथल्या विणकरांच्या घरांची छतं चार-चार मीटर उंच, पण ती उंची माणसांसाठी नव्हती, मागासाठी होती. कुटुंब माळ्यावर झोपायचं. पहाटेपासून राबलेल्या माणसाला सकाळी नऊला आतडी, सॉसेज आणि वाइन असा भरभक्कम नाश्ता लागे आणि तो छोट्या गुत्तेवजा खाणावळींत मिळे. पुढे श्रीमंतांच्या घरच्या स्वयंपाकिणींनी बाहेर पडून स्वतःच्या खाणावळी काढल्या. त्यांतल्या युजेनी ब्राझिए यांना १९३३ साली त्यांच्या दोन्ही उपाहारगृहांसाठी तीन-तीन तारे मिळाले. नागपूरला सावजी रस्सा आहे, ज्याच्या पहिल्या घासाला जीभ पेटते आणि दुसऱ्या घासापर्यंत डोळे वाहतात; तोही हलबा कोष्टी समाजाचा, म्हणजे विणकरांचाच, आणि नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल १८७७ सालीच उभी राहिली होती. आणि मुंबईच्या गिरणगावाबद्दल तर काय बोलावं. कोकणातून आणि घाटावरून आलेले बापे एका खोलीत दहा-दहा, पंधरा-पंधरा राहत; एक पाळी झोपायला आली की दुसरी वळकटी गुंडाळून निघायची. या माणसांना खाणावळवाल्या बायांनी पोसलं. पहाटे स्टो पेटवायचा, पहिल्या पाळीचे डबे, मग दुपारची पंगत, मग रात्रपाळीवाले. कोकण्याला भात आणि माशाचं कालवण, घाटावरच्याला भाकरी आणि झणझणीत कोरड्यास, आणि दोघांनाही एकमेकांच्या ताटात काय आहे ते बघून नाक मुरडायची मोकळीक. हिशेब वहीत, पैसे पगाराच्या दिवशी. संप झाला की पगार नाही, पण भूक संपात सामील होत नसे. मग उधारी वाढायची आणि वाण्याचं देणं बाईच्या डोक्यावर बसायचं. १९७३-७४ च्या संपात या बायांची जी दशा झाली तीतूनच प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि सावकाराऐवजी बँकेकडून कर्ज मिळवायची वाट दाखवली. वडापावाचं श्रेय ज्यांना दिलं जातं त्या अशोक वैद्यांची गाडी १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर लागली, तीही याच गर्दीच्या वाटेवर. योहेईने भातावर मासा ठेवला, वैद्यांनी पावात वडा ठेवला. गिऱ्हाईक तेच होतं, घाईतलं.

इथे इंग्लंडचा जाणकार हात वर करेल: माग आमच्या लँकेशरमध्ये सर्वांत जास्त होते, मग मँचेस्टर यादीत का नाही? आक्षेप रास्त आहे. तिथे बायकाही गिरणीत जात, घरी रांधायला कुणी उरत नसे, आणि तळलेला मासा व बटाट्याच्या फोडींची दुकानं गल्लोगल्ली निघाली. म्हणजे सिद्धान्ताचं पहिलं पाऊल तिथेही बरोबर पडलं. दुसऱ्या पावलाला मीठ आणि व्हिनेगर यांच्यापुढे मंडळी सरकलीच नाहीत, त्याला सिद्धान्त काय करणार? घरटंचाई भूक पुरवते. मसाला ज्याचा त्याने आणायचा असतो.

दुसरा आक्षेप याहून जबर आहे. स्वयंपाकघर नसल्याने अन्न चांगलं होत असेल, तर वसतिगृहाची मेस जगात पहिली यायला हवी, आणि तुरुंग दुसरा. हा आक्षेप जो घेईल त्याने मेसची डाळ खाल्लेली आहे एवढं नक्की. पण मेस आणि खाणावळ यांत एक फरक आहे: मेसच्या मुलाला उठून शेजारच्या दुकानात जाता येत नाही. पैसे सत्राच्या सुरुवातीलाच भरलेले, आचारी निर्धास्त. पुण्यात नारायण-सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांची मुलं कॉट बेसिसवर राहतात. त्यांच्यासाठी चालणाऱ्या मेस एका गल्लीत पाच-पाच असतात, आणि तिथे महिनाअखेर जवळ आली की भाजीत अचानक पनीर दिसू लागतं, रविवारी गोडधोड होतं. आचाऱ्याला मुलांची माया आलेली नसते, कूपन संपत आलेलं असतं. तेव्हा सिद्धान्तात एक कलम जोडून घेऊ: चूल नसलेलं गिऱ्हाईक हवं, त्याला निघून जायची सोय हवी, आणि तरी ते उद्या परत येणारं हवं. जिथे गिऱ्हाईक परत येणार नाही हे दोघांनाही माहीत असतं, तिथली कथा वेगळी. व्हेनिस पाहा. १९५१ साली जुन्या शहरात पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं राहत. २०२२ मध्ये तो आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. राहिले पर्यटक, आणि पर्यटक म्हणजे आयुष्यात एकदाच येणारं गिऱ्हाईक. २०१८ साली तिथल्या एका उपाहारगृहाने चार जपानी पाहुण्यांकडून मांसाचे चार तुकडे, भाजलेले मासे, थोडी वाइन आणि पाणी यांचे अकराशे युरोंहून जास्त घेतले. गाजावाजा झाला तेव्हा कुठे महापौरांनी लक्ष घातलं. योहेईच्या देशातली माणसं ती. त्यांच्याकडे अशा दुकानदाराची गाडी दुसऱ्या दिवशी रस्त्यावर दिसली नसती. आपल्याकडेही तीर्थक्षेत्री देव जितका जागृत तितकी देवळासमोरची थाळी निवांत. भाविक पुन्हा येतो तो देवासाठी, आणि आला तरी बारा वर्षांनी.

पॅरिसवाले म्हणतील, आमचं काय? आमचा उगम राजवाड्यांत झाला, खुराड्यांत नाही. अर्धं खरं आहे. क्रांतीच्या आधीच तिथे चांगली उपाहारगृहं सुरू झाली होती, आणि क्रांतीने सरदारांची डोकी उडवली तेव्हा त्यांचे आचारी बेकार होऊन बाजारात आले. पण आचारी आले तरी जेवणारे कोण? त्यांत मोठा वाटा प्रांतोप्रांतीहून आलेल्या लोकप्रतिनिधींचा होता. अधिवेशनासाठी पॅरिसला यायचं, भाड्याच्या खोलीत उतरायचं, बायको गावी, आणि भूक राष्ट्रीय. मुंबईत आमदार निवासाच्या आसपास चहाची आणि भज्यांची दुकानं का चालतात, हे ज्याला कळतं त्याला फ्रेंच पाककलेचा इतिहास वेगळा शिकवायला नको.

माझ्या सिद्धान्ताला खरोखर घाम फोडतं ते सान सेबास्तियान. वस्ती दोन लाखांच्या आत, आणि ताऱ्यांचं वस्तीशी प्रमाण जगात क्वचित कुठे असेल इतकं. जुन्या भागात बारच्या काउंटरवर पावाच्या तुकड्यांवर मासा, ऑलिव्ह, मिरची, मश्रूम रचून ठेवलेले असतात. लोक एका बारमध्ये एक तुकडा आणि एक घोट घेऊन पुढच्या बारमध्ये सरकतात. घरं धड आहेत, स्वयंपाकघरं धड आहेत, बायका सुगरणी आहेत. मग? उत्तर तिथल्या पुरुषांच्या मंडळांत दडलंय. एकोणिसाव्या शतकापासून तिथे पुरुषांची स्वयंपाक-मंडळं आहेत. १८७० साली निघालेलं एक मंडळ अजून चालू आहे. सभासदाकडे किल्ली असते. तो बाजार घेऊन येतो, मंडळाच्या चुलीवर स्वतः रांधतो, मित्रांना वाढतो, आणि किती तेल, किती वाइन वापरली हे चिठ्ठीवर लिहून पैसे पेटीत टाकून जातो. बायकांना पूर्वी आत यायलाच बंदी होती, आणि काही मंडळांत अजूनही स्वयंपाकापाशी जाऊ देत नाहीत. याचा एक खुलासा असा केला जातो, की तिथल्या बास्क लोकांच्या घरात सत्ता बाईची. तिथे पुरुषाला पळी हातात घेऊ देत नाहीत. म्हणजे घरात चूल असून त्यांना ती नव्हतीच. शहरातल्या निम्म्या लोकसंख्येला स्वयंपाकघरातून बेदखल केलं तर ती बाहेर जाऊन काय करते, याचा हा नमुना. सिद्धान्त वाचला, जरा वाकवावा लागला, हे कबूल. अर्थशास्त्रात याहून जास्त वाकवलेले सिद्धान्त पाठ्यपुस्तकांत आहेत.

उलटा पुरावाही देतो, आणि तो घरचाच आहे. जुन्या पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचा: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, अशी सात घरं. काहीजण माधुकरी मागत. शहराकडे हजारो उपाशी, बिनचुलीची पोरं होती, म्हणजे माझ्या हिशेबाने पुणे तेव्हाच टोकियो व्हायला हवं होतं. पण ही भूक घरांनीच वाटून घेतली. वाढणाऱ्या काकूंपुढे स्पर्धा नव्हती, आणि आमटी पातळ आहे असं सांगायची विद्यार्थ्याची छाती नव्हती. समाजाने भलेपणा केला, त्यात हॉटेलधंद्याचं शतकभराचं नुकसान झालं. मुंबईत हा भलेपणा करायला कुणाच्या घरात जागाच नव्हती. तिथे इराणी आले, उडुपी आले, आणि एका चहावर दोन तास बसू देणारी संगमरवरी टेबलं आली.

सिंगापूरने मात्र सरकारी मदतीने जे केलं ते आपल्या महापालिकांनी वाचून बाजूला ठेवण्यासारखं आहे. साठच्या दशकाच्या अखेरीस तिथे फेरीवाल्यांची नोंदणी झाली, तेव्हा रस्त्यावर सुमारे अठरा हजार फेरीवाले होते. १९७१ ते १९८६ च्या दरम्यान त्यांना रस्त्यावरून उठवलं. पण उठवण्याआधी छप्पर, नळ, गटार आणि टेबलं बांधली, आणि मग तिथे नेऊन बसवलं. आपल्याकडे क्रम उलटा असतो: आधी गाडी येते, कढई तराजूसकट उचलून नेते, आणि छपराची निविदा निघते. सरकारी इमारतींच्या पायथ्याशी शंभराहून जास्त अशी केंद्रं झाली. इमारतींत स्वयंपाकघरं आहेत, पण नवरा-बायको दोघंही कामावरून दमून येतात आणि खाली गरम भात तयार असतो. २०१६ साली तिथल्या एका टपरीवरच्या सोया सॉसमधल्या कोंबडी-भाताला मिशलँचा तारा मिळाला तेव्हा त्या ताटाची किंमत दोन डॉलरांच्या आसपास होती. २०२० मध्ये युनेस्कोने हा सगळा प्रकार मानवजातीच्या वारशात घातला. या केंद्रांत दुपारी टेबल मिळवायची पद्धत मराठी माणसाला गहिवर आणील अशी आहे: रांगेत उभं राहण्याआधी टेबलावर कागदी रुमालांचं एक पाकीट टाकायचं. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकण्याइतकीच ही मालकी पक्की असते, फक्त तिथे कंडक्टरला मध्ये पडावं लागत नाही. मात्र वारसा ठरलेल्या त्या टपऱ्यांमागच्या माणसांचं सरासरी वय साठीला टेकलंय. पहाटे चारला उठून कोंबड्या उकळायला मुलं तयार नाहीत. बापाने त्यांना शिकवलं, चांगल्या नोकरीला लावलं, आणि चांगलं घर घेऊन दिलं. स्वयंपाकघरासकट.

शेवटचा आक्षेप घरच्या चवीचा, आणि तो घेणाऱ्याशी वाद घालू नये असं म्हणतात, कारण त्याची आई मध्ये येते. ‘घरच्या जेवणाची सर बाहेरच्याला नाही.’ मान्य. महाराष्ट्रात खाणावळवाल्याला स्वतःबद्दल सांगण्यासारखं सर्वांत मोठं म्हणून पाटीवर एकच गोष्ट लिहावीशी वाटते: घरगुती जेवण मिळेल. पण त्याच वेळी घरात पनीरची भाजी जमून आली की नवरा आणि मुलं एका सुरात म्हणतात, अगदी हॉटेलसारखी झालीय, आणि करणारीचा चेहरा खुलतो. दोन्ही स्वयंपाकघरं एकमेकांसारखी होण्यासाठी इतकी धडपडत असतील, तर त्यांच्यात श्रेष्ठ कोण हे ठरवायच्या फंदात मी पडत नाही. एवढं मात्र दिसतं, की पागडीच्या खोल्या पाडून जे टॉवर उभे राहतायत त्यांत स्वयंपाकघर मोठं झालंय, ओट्यावर काळा ग्रॅनाइट आणि वर चिमणी आलीय, आणि जेवण मोटरसायकलवरून येतंय. माझ्या सिद्धान्ताप्रमाणे अशा घरात राहणाऱ्यांकडून खाण्याच्या इतिहासाला फारशी अपेक्षा नाही. ज्यांच्याकडून आहे ती मोटरसायकलवरची पोरं. लातूर, बीड, बिहार, उत्तर प्रदेश इथून आलेली, एका खोलीत पाच-सहा राहणारी, दिवसभर दुसऱ्यांची बिर्याणी पाठीवर वाहणारी. ही पोरं दुपारी अडीच-तीनला गाड्या स्टँडवर लावून स्वतः कुठे जेवतात, ते बघावं. तिथे बोर्ड बहुधा नसेल, असला तर त्यावर चिनी, पंजाबी आणि दक्षिणी असं सगळंच लिहिलेलं असेल. आत गेल्यावर काय आहे हे विचारू नये, बाकीच्यांच्या ताटात काय आहे ते बघून तेच सांगावं; दुसऱ्यांदा रस्सा घेतला तर जादा पैसे पडतात का, एवढं मात्र बसण्याआधी विचारून घ्यावं.